आखूड केसांचे कसब

स्त्रीने केस आखूड कापून घेतले की आपल्या घराघरांतून त्यावर चर्चा झडते. तिचे वय, तिचे सासर, तिची नोकरी, तिची हौस यांपैकी प्रत्येक बाब तपासून पाहिली जाते. परंतु ते केस कोणी कापले, किती वेळ देऊन कापले आणि कापणाऱ्या हाताला ती विद्या कोठे मिळाली, याची चौकशी करावी असे कोणाच्या मनात येत नाही. केस कमी म्हणजे काम कमी, असा एक सार्वत्रिक समज आपल्यात रूढ आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. कमरेइतक्या लांब केसांची टोके एका रेषेत छाटणे थोड्या दिवसांच्या सरावाने साधते. पण मानेवर, कानांभोवती आणि माथ्यावर निरनिराळ्या लांबीचे थर राखून, त्यांना हलका पोत देऊन, ते केस दुसऱ्या दिवशी घरी धुतल्यावरही आपापल्या जागी बसतील असे कापणे हे या व्यवसायातील अत्यंत अवघड काम आहे. आणि नेमक्या याच कामाची महाराष्ट्रातील मध्यम व लहान शहरांत विलक्षण कोंडी झालेली आहे: ज्याला आखूड केसांची विद्या अवगत आहे तो नाभिक कारागीर स्त्रियांचे केस कापीत नाही, आणि ज्यांच्याकडे स्त्रिया विश्वासाने जातात त्या पार्लरवाल्या ताईंना ही विद्या कोणी शिकविलेलीच नसते.

काम अवघड का, ते आधी पाहू. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतच्या केसांत दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मानेवर मुळात चारच सेंटिमीटर केस ठेवायचे असतील तर तीच चूक निम्म्या लांबीची होते, आणि ती भरून यायला सुमारे दोन महिने जातात. शिवाय डोके सर्वत्र सारखे गोल नसते. कानशिलापाशी ते किंचित आत बसते, मागे हाडाचा उंचवटा असतो, त्याखाली मानेकडे ते एकदम खोल जाते, आणि माथ्याच्या मागच्या उतारावर भोवरा असतो. भोवऱ्याशी केस चक्राकार उगवतात. तेथे ते प्रमाणाबाहेर आखूड केले की ताठ उभे राहतात, मग पाणी लावा, तेल लावा, ते बसत नाहीत. ज्याच्या माथ्यावर दोन भोवरे त्याची दोन लग्ने, असे आपल्याकडे म्हणतात. केस कापणाऱ्याच्या दृष्टीने दोन भोवऱ्यांचा अर्थ दोन विरुद्ध दिशांनी उगवलेले केस असा आहे, आणि त्यांची तजवीज कात्री उचलण्यापूर्वीच करावी लागते. म्हणून जाणता कारागीर प्रथम केस ओले करतो, सरळ मागे विंचरतो, हात काढून घेतो, आणि ते आपण होऊन कोठे वळतात, कोठे दुभंगतात, हे काही क्षण नुसते पाहत राहतो.

थर पाडणे ही क्रिया वरवर पाहता साधी, पण तिच्या पोटात भूमिती आहे. कंगव्याने केसांची एक पातळ पट्टी वेगळी काढायची, दोन बोटांत धरायची, आणि ती कवटीपासून किती अंशांनी वर उचलायची यावर पुढचे सारे अवलंबून असते. पट्टी खाली मानेशी लावूनच कापली तर सर्व टोके एका रेषेत येतात आणि त्या रेषेवर केसांचा भार साठतो. पंचेचाळीस अंशांवर धरून कापली तर तो भार थोडा वर चढतो आणि मागच्या बाजूला भरीव गोलाई येते. कवटीशी काटकोन करून कापीत गेले तर सर्वत्र सारख्या लांबीचे थर पडतात आणि डोक्याची मूळ घडण उठून दिसते. प्रत्येक नव्या पट्टीत आधी कापलेल्या पट्टीचे थोडे केस घ्यायचे, म्हणजे तेच पुढच्या कापणीचे माप ठरते; आणि उभ्या पट्ट्यांनी कापून झाले की आडव्या पट्ट्या काढून सारे पुन्हा पडताळून पाहायचे. यानंतर पोताचे काम. टोके झाडूसारखी एकसारखी बोथट राहू नयेत म्हणून कात्रीचे टोक केसांच्या दिशेनेच आत घालून बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात, आणि जेथे केस फार दाट आहेत तेथे दातेरी कात्रीने भार हलका करावा लागतो. येथेच सर्वांत जास्त नासधूस होते. आपल्याकडचे केस बहुधा जाड, दाट आणि किंचित लाटेचे असतात. दातेरी कात्री मुळाजवळ चालविली की आत राहिलेले तोकडे केस वाढू लागताच वरच्या केसांना बाहेर ढकलतात आणि तीन-चार आठवड्यांत सगळे डोके पिंजारलेले दिसू लागते. दोष मग केसांना दिला जातो, क्वचित हवेला, आणि त्या दोषावर उपाय म्हणून एखादी महागडी बाटली ग्राहकाच्या गळ्यात घातली जाते.

हवेचा दोष मुळीच नसतो असे मात्र नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांमधील हायड्रोजनचे दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि केस सुकताना नव्याने जुळतात. म्हणूनच ओला केस ताणला असता लांबतो, सुकला की आखडतो, आणि लाटेचे केस ओले असताना ठरविलेल्या मापाने कापले तर सुकल्यावर कपाळावरची झुलपे अपेक्षेपेक्षा बोटभर वर गेलेली आढळतात. जाणत्याने ओले असताना थोडी लांबी राखून आकार घ्यावा आणि शेवटचा हात केस सुकल्यावर फिरवावा, हे यासाठीच. गरम हवेच्या यंत्राने आणि गोल ब्रशाने दिलेले वळणही याच बंधांवर टिकते, आणि दमट हवा लागताच मोडते. जुलै महिन्यातल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत सकाळी बसविलेले केस दुपारपर्यंत फुगतात ते त्यामुळे. तेव्हा कोकणपट्टीत तरी केसांचे सौंदर्य कापणीतच असले पाहिजे. नंतरच्या सजावटीने ते उसने आणता येत नाही. कापणी बरोबर असेल तर केस पंच्याने टिपावेत, बोटांनी मुळाशी थोडे उचलावेत, वाटाण्याएवढे मेण किंवा क्रीम तळहातांवर चोळून केवळ टोकांना लावावे, आणि कामाला लागावे. रोज सकाळी अर्धा तास आरशासमोर उभे राहावे लागत असेल तर ती कापणी फसलेली आहे असे खुशाल समजावे.

ही दृष्टी पाश्चात्त्य देशांतही सहजासहजी आलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुण स्त्रियांनी केस कापण्याचा धडाका लावला तेव्हा तेथील स्त्रियांच्या केशरचनाकारांना लांब केसांचे अंबाडे बांधणे आणि तापल्या चिमट्यांनी लाटा पाडणे एवढेच येत होते. आखूड केस कापण्यास त्यांपैकी पुष्कळांनी नकार दिला, आणि त्या स्त्रिया सरळ पुरुषांच्या हजामतीच्या दुकानांत जाऊन रांगेत बसल्या, कारण मानेवरचे केस उतरते कसे कापावेत हे तेथील न्हाव्यालाच ठाऊक होते. पुढे स्त्रियांच्या केशरचनाकारांनी ते कसब उचलले आणि दोन्ही विद्यांचा संगम झाला. लंडनच्या विडाल ससूनने १९५४ साली बॉण्ड स्ट्रीटवर दुकान थाटले तेव्हा स्त्रिया आठवड्यातून एकदा केस गुंडाळ्यांवर चढवून, फवाऱ्याने घट्ट करून घेत असत; त्याने तो सारा पसारा दूर सारून, कात्रीनेच असा आकार द्यावा की केस हलले तरी पुन्हा आपल्या जागी पडावेत, हा आग्रह धरला आणि १९६४ साली आपल्या प्रसिद्ध पंचकोनी कापणीने तो सिद्ध करून दाखविला. १९७१ साली ‘क्लूट’ या चित्रपटात जेन फोंडाचे केस न्यूयॉर्कच्या पॉल मॅकग्रेगरने विस्कळीत भासणाऱ्या थरांत कापले. आज ज्याला पोत आणि थर म्हणतात त्याचे बरेचसे मूळ त्या विस्कळीतपणात आहे, जो वस्तुतः अत्यंत मोजून मापून केलेला होता. आपल्याकडे ‘लव्ह इन सिमला’ या १९६० सालच्या चित्रपटाने साधना यांची कपाळावरची झुलपे देशभर नेली; रुंद कपाळ झाकण्यासाठी केलेली ती योजना होती, आणि चेहरा पाहून केस कापावेत हे तत्त्व सामान्य प्रेक्षकाला तिने शिकविले.

आता आपल्या नाभिक कारागिराकडे वळू. पुण्याच्या पेठांतील एखाद्या जुन्या दुकानात, जेथे भिंतीला समोरासमोर आरसे आहेत आणि खुर्च्यांचे लाकूड हातांनी घासून काळे झाले आहे, तेथे वयस्क कारागिराला कंगव्यावरून कात्री चालविताना मी पुष्कळदा पाहिले आहे. डाव्या हातातला कंगवा मानेपासून वर चढत असतो, इतक्या संथपणे की तो चढतो आहे हे कळूही नये. कात्रीचे एक पाते कंगव्याशी समांतर राहून स्थिर असते आणि दुसरे केवळ अंगठ्याने हलते. आणि त्या अखंड किचकिच आवाजातून मानेवर पांढऱ्या त्वचेपासून दाट काळ्या केसांपर्यंत अशी सावली उमटते की एक थर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. स्त्रीच्या आखूड केसांत मानेवर नेमके हेच लागते. हे कसब बलुतेदारीच्या काळापासून बापाकडून मुलाकडे आले, आणि आता ते ओसरते आहे, कारण तरुण कारागीर विजेच्या यंत्राला नंबराची पट्टी लावून पाच मिनिटांत तेच काम उरकतात. यंत्राने केस एका मापाचे होतात, परंतु डोक्याच्या खळग्याउंचवट्यांना सांभाळून घेण्याची बुद्धी यंत्रात नसते. जुन्या हातांपासून हे कसब शिकून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.

याच दुकानांत लहान मुलींना मात्र मुभा असते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकून तीवर चार-पाच वर्षांच्या मुलीला बसवायचे, गळ्याभोवती पांढरे कापड बांधायचे आणि तिचा बॉयकट करायचा, हे दृश्य महाराष्ट्रात कोणी पाहिले नाही? ती मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की तो दरवाजा तिला बंद होतो, आणि ज्या हाताला तिच्या डोक्याची घडण व तिचा भोवरा पाठ झालेला असतो तो हात तिला कायमचा अंतरतो. हा दंडक कोणी लिहून ठेवलेला नाही. संकोच आहे, आणि त्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

त्या इतिहासाचे स्मरण आदराने केले पाहिजे. स्त्रीच्या डोक्याशी नाभिकाच्या वस्तऱ्याचा संबंध आपल्या समाजाने ज्या प्रसंगी जोडला तो प्रसंग वैधव्याचा होता. पती वारला की कोवळ्या वयाच्या मुलीलाही खाली बसवून तिचे केशवपन करविण्यात येई, आणि ते कृत्य करण्यास नाभिकाला पाचारण होई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी एकत्र येऊन, आम्ही विधवांचे वपन करणार नाही, असा निर्धार जाहीर केला. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करणारे पुढारी. विद्वान मंडळी शास्त्राधार शोधीत वाद घालीत असता, हातावर पोट असलेल्या कारागिरांनी उत्पन्नाची एक बाब सोडून देऊन आपल्या हत्याराचा उपयोग जुलमासाठी होऊ देण्याचे नाकारले, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात याहून कितीतरी ठळक अक्षरांत लिहिली जावयास हवी होती. तो नकार स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्या केसांना हात लावण्याला होता. आज एखादी स्त्री आपल्या इच्छेने, आपल्या सोयीसाठी, आपल्या आवडीचे आखूड केस मागते तेव्हा तिला खुर्ची देणे हे त्या निर्धाराशी विसंगत नाही. दोन्ही ठिकाणी मान राखला जातो तो तिच्या इच्छेचाच. नाभिक समाजाला हे पटवून सांगण्याचीही फारशी गरज पडू नये. संकोच अधिक आहे तो आम्हा ग्राहकांच्या घरांत.

पार्लर चालविणाऱ्या भगिनींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा आणि एक खुर्ची मांडून, मुलांच्या शाळेची फी आणि घराचे हप्ते ज्या स्वतःच्या मिळकतीतून भरतात त्या स्त्रियांविषयी मला नितांत आदर वाटतो. परंतु त्यांचे शिक्षण कशाचे झालेले असते? भुवया कोरणे, फेशियल, वॅक्सिंग, मेंदी आणि नववधूची सजावट यांवर मिळकत अवलंबून, म्हणून शिकविणाऱ्यांचा भरही त्यांवर. केस कापण्याचा भाग यू, स्टेप आणि लेयर या तीन प्रकारांशी, तोही खांद्याखालच्या केसांवर, आटोपतो. कोणी बॉयकट किंवा पिक्सी मागितला की, ‘ताई, तुम्हाला नाही शोभणार’ किंवा ‘नंतर पस्तावाल’ असे उत्तर येते. पुष्कळ वेळा ते उत्तर ग्राहकाच्या चेहऱ्याविषयी नसते, स्वतःच्या हाताविषयीच्या अविश्वासाचे असते, आणि तो अविश्वास शिक्षणाने दूर होण्याजोगा आहे. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम चालतो; तो घेणाऱ्या मुलींना त्या वर्षातले काही आठवडे एखाद्या मुरलेल्या नाभिक कारागिराच्या हाताखाली, कंगवा व कात्री एवढीच हत्यारे देऊन, उमेदवारी करता आली तर या प्रश्नाचा निम्मा भाग सुटेल. कामांची स्त्रीपुरुष अशी वाटणी अभेद्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याला सांगावे की, मुंबईच्या चित्रपटव्यवसायातही रंगभूषा पुरुषांनी आणि केशभूषा स्त्रियांनी करावी असा संघटनेचा दंडक कित्येक दशके होता. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो घटनाबाह्य ठरविला, आणि त्यामुळे व्यवसाय बुडाला नाही.

या साऱ्याची गरज कोणाला आहे, असा प्रश्न केला जाईल. पन्नाशी ओलांडल्यावर अनेक स्त्रियांचे केस विरळ होतात. लांब वेणीच्या ओझ्याने ते आणखीच चपटे दिसतात, उलट माथ्यावर नीट कापलेल्या थरांनी भरीव भासतात. सांधेदुखीने हात वर न जाणाऱ्या आजींना वेणी घालणे अशक्य होते आणि दुसऱ्याची वाट पाहणे नकोसे. केमोथेरपी संपवून परळच्या टाटा रुग्णालयातून घरी परतलेल्या स्त्रीचे केस पुन्हा उगवतात ते आरंभी मऊ, पुष्कळदा कुरळे आणि कोठे दाट कोठे विरळ असे. त्या तीन-चार महिन्यांच्या केसांना जर कोणी जाणत्या हाताने आकार दिला तर ती स्त्री डोक्यावर रुमाल न बांधता कामावर जाऊ शकते. अशा स्त्रीला ‘अजून वाढू द्या, मग पाहू’ असे सांगून परत पाठविणे मला क्रूरपणाचे वाटते, मग ते कितीही गोड शब्दांत सांगितलेले असो.

दराविषयी थोडेसे. पुष्कळ दुकानांच्या पाटीवर पुरुषांचा दर निराळा आणि स्त्रियांचा निराळा असतो, आणि स्त्रियांचा दर केसांच्या लांबीवर चढत जातो. मोबदला वेळेचा आणि कौशल्याचा असावा. ग्राहक कोण आणि केस किती लांब याचा त्याच्याशी संबंध नाही. पाऊण तास खपून थर पाडणाऱ्याला टोके छाटणाऱ्यापेक्षा अधिक मिळाले पाहिजे, आणि ते देताना, ‘एवढेसे तर केस’ अशी कुरकुर आपण करू नये.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि १५ दिवसांचे वा अधिक काळाचे प्रगत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तिची तरतूद आहे. राज्य शासनाने संत सेनाजी महाराजांच्या नावाने केशशिल्पी महामंडळही स्थापिले आहे. या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, प्रगत प्रशिक्षणात स्त्रियांच्या आखूड केसांच्या कापणीचा स्वतंत्र भाग असावा, शिकविण्यास जुन्या कारागिरांना सन्मानाने व मानधन देऊन बोलवावे, आणि त्या वर्गात पार्लर चालविणाऱ्या भगिनींनाही प्रवेश असावा. दुकानदारांना विनंती अशी की, आठवड्यातली एक दुपार स्त्रियांसाठी राखून तशी पाटी दारावर लावावी. आणि ज्या वाचक भगिनींच्या मनात हे पुष्कळ दिवसांपासून आहे त्यांनी ती पाटी दिसताच आत जावे, आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगावे, आणि कारागिराला घाई करू नये.